पायगुण कोणाचा?



घरातला पंखा बंद पडला तर तो दुरुस्त करणे फारसे अवघड नसते. बटण दाबले तरी तो फिरत नाही. वायरमन आला की त्यालाही तो बंदच सापडतो. वायरमन तारा तपासतो, कपॅसिटर बदलतो आणि पंखा फिरू लागतो. पण समजा, एखादा पंखा तीन दिवस व्यवस्थित चालतो, चौथ्या दिवशी अचानक थांबतो आणि वायरमन दारात येताच जणू काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा फिरू लागतो. आता वायरमनने काय दुरुस्त करायचे?

अधूनमधून होणारा बिघाड हा असा लबाड असतो. तो दिसत नाही तोवर सापडत नाही, आणि सापडत नाही तोवर कोणावर तरी त्याचे खापर फुटत राहते. आमच्या महाविद्यालयात अशाच एका बिघाडाचे खापर एका विद्यार्थ्यावर फुटले होते. ते फोडण्यात माझाही हात होता. म्हणून ही हकिगत मी तुम्हाला सांगत आहे.

एक लॅपटॉप आणि एक विद्यार्थी

आमच्या पदार्थविज्ञान विभागात कामाचा एक लॅपटॉप आहे. प्रश्नपत्रिका, प्रात्यक्षिकांच्या गुणांच्या याद्या, पत्रव्यवहार अशी सारी कामे त्यावर होतात. विद्यार्थ्यांचे प्रकल्पही त्यावरच चालतात. एका एप्रिल महिन्यात त्याला खोड लागली. काम चालू असताना एखादा प्रोग्रॅम पाहता पाहता नाहीसा होई. कधी गुणांची यादी बंद होई, कधी आलेख काढण्याचा प्रोग्रॅम. एकदा तर सारा पडदाच निळा झाला आणि लॅपटॉप आपणहून पुन्हा सुरू झाला. जतन न केलेले काम अर्थातच गेले.

त्या वेळी एक विद्यार्थी लंबकाच्या आंदोलनांवर प्रकल्प करीत होता. मोबाईलने लंबकाचे चित्रण करायचे, त्यातील एकेका चित्रात गोळ्याची जागा खूण करून नोंदवायची आणि त्यावरून गुरुत्व त्वरणाचे मूल्य काढायचे, असा तो प्रकल्प. धरणगावकडून तो गाडीने येई. सकाळी घरच्या शेतातले काम असे, म्हणून प्रयोगशाळेत यायला त्याला दुपार होई. एके दिवशी दोन तास खुणा करून झाल्यावर प्रोग्रॅम बंद पडला आणि सगळी निरीक्षणे गेली. दोनच दिवसांनी पुन्हा तेच घडले.

“सर, मी काहीच केलं नाही,” तो म्हणाला.

“काहीच केलं नाहीस, तर बंद कसा पडला?” मी विचारले. आवाज जरा चढलेलाच होता. प्रयोगशाळेतील कोणीतरी हसत म्हणाले, “याचा पायगुणच तसा आहे, सर. हा आला की मशिन बसतं.” सारे हसले. तो मात्र हसला नाही. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा त्याने लॅपटॉपला हातही लावला नाही.

ऑस्ट्रियात जन्मलेला थोर शास्त्रज्ञ वोल्फगांग पाउली याच्याबद्दलही असेच बोलले जाई. तो प्रयोगशाळेत शिरला की काही ना काही मोडते, असे त्याचे मित्र थट्टेने म्हणत. ऑटो स्टर्न या शास्त्रज्ञाने त्याला आपल्या प्रयोगशाळेत येण्याची बंदी केली होती, असेही सांगतात. या थट्टेला ‘पाउली परिणाम’ असे नावही पडले. पण पाउलीला १९४५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याला ही थट्टा पेलण्यासारखी होती. अठरा वर्षांच्या मुलाला ती पेलेलच असे नाही.

प्रोग्रॅम कोसळतो म्हणजे काय होते?

पुढे जाण्यापूर्वी प्रोग्रॅम बंद पडतो म्हणजे नेमके काय होते ते पाहू. संगणकाच्या स्मृतीला, म्हणजे रॅमला, असंख्य खोल्यांचे एक वसतिगृह समजा. प्रत्येक खोलीला क्रमांक आहे. प्रत्येक प्रोग्रॅमला काही खोल्या दिलेल्या असतात. विंडोजसारखी संगणकाची मूळ कार्यप्रणाली ही या वसतिगृहाची रेक्टर. एखादा प्रोग्रॅम आपल्या नसलेल्या खोलीचे दार उघडू लागला, तर रेक्टर त्याला तिथल्या तिथे बाहेर काढते. आपल्याला मात्र पडद्यावरून प्रोग्रॅम नाहीसा झालेला दिसतो. म्हणजे ही शिक्षा खरे तर इतरांच्या संरक्षणासाठी असते. एकाच्या चुकीने सारे वसतिगृह बिघडू नये, हा तिचा हेतू.

आता प्रोग्रॅम दुसऱ्याच्या खोलीकडे का जातो? एक तर तो लिहिणाऱ्याने चूक केलेली असते. किंवा त्याच्याजवळ लिहून ठेवलेला खोलीचा क्रमांकच कोणीतरी, कसा तरी, बदललेला असतो.

जिम ग्रे या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९८५ साली ‘संगणक का थांबतात’ या विषयावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यात त्याने चुकांच्या दोन जाती सांगितल्या आणि त्यांना पदार्थविज्ञानातली नावे दिली. पहिली जात बोरच्या अणूसारखी. बोरच्या अणूत इलेक्ट्रॉन ठराविक कक्षेत सापडतो, तशी ही चूक ठराविक जागी, दर वेळी सापडते. दुसरी जात हायझेनबर्गच्या नावाची. ती पाहायला गेले की नाहीशी होते! आमच्या लॅपटॉपची खोड या दुसऱ्या जातीची दिसत होती.

‘झाला दुरुस्त!’

आम्ही लॅपटॉप एका कारागिराकडे नेला. त्याने तो उघडून पाहिला. तेव्हा तो उत्तम चालत होता. “फॉरमॅट मारून देतो,” कारागीर म्हणाला. म्हणजे सारे पुसून, सारे प्रोग्रॅम नव्याने घालायचे. तसे केले. त्यानंतर तीन दिवस एकही बिघाड झाला नाही. आम्ही समाधानाने बिल चुकते केले. चौथ्या दिवशी दुपारी प्रोग्रॅम पुन्हा कोसळला.

मग ते तीन दिवस कसे चांगले गेले? याचे उत्तर शोधताना मला माझीच लाज वाटली. वर्गात मी संभाव्यता शिकवतो, पण प्रयोगशाळेत ती विसरलो होतो. त्या दिवसापासून मी एक वही केली. दिवस, वेळ, जागा, कोण बसले होते, कोणते काम चालू होते, खोलीचे तापमान किती, लॅपटॉप विजेवर होता की बॅटरीवर, पडद्यावर कोणता संदेश आला, असे रकाने आखले. आणि एक नियम केला: बिघाड झाला नाही त्या दिवसाचीही नोंद करायची.

हा शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा. बिघाड झाला की आपण आजूबाजूला पाहतो आणि जो दिसेल त्याला धरतो. तोच माणूस, तीच वेळ, तेच ऊन असूनही जेव्हा काहीच बिघडले नाही, ते दिवस आपण विसरून जातो. पायगुणाच्या साऱ्या कल्पना या विसरण्यावर जगतात.

वहीने काय सांगितले?

अठरा कामाच्या दिवसांत ६ दिवशी बिघाड झाला. म्हणजे कोणत्याही एका दिवशी बिघाडाची शक्यता सुमारे एक तृतीयांश, आणि दिवस निर्वेध जाण्याची दोन तृतीयांश. आता लॅपटॉप मुळीच दुरुस्त झालेला नसतानाही लागोपाठ तीन दिवस निर्वेध जाण्याची शक्यता किती? २/३ चा तीनदा गुणाकार करा. उत्तर ८/२७, म्हणजे सुमारे ३० टक्के. अशा तीन दिवसांच्या भरवशावर आम्ही ‘झाला दुरुस्त’ म्हणून मोकळे झालो होतो!

आता संशयितांकडे वळू. सहा बिघाडांपैकी ५ दुपारचे होते आणि ४ वेळा तो विद्यार्थी समोर बसलेला होता. एवढेच पाहिले तर पायगुण खरा वाटेल. पण सगळे दिवस पाहा. तो विद्यार्थी अठरापैकी १० दिवस आला. त्यातले ४ दिवस बिघाडाचे. तो नव्हता त्या ८ दिवसांत २ वेळा बिघाड झाला. म्हणजे तो नसतानाही लॅपटॉप कोसळत होता.

मग मी वहीतला ‘कोणते काम’ हा रकाना पाहिला. लंबकाचे मोठे चित्रण लॅपटॉपवर ८ दिवस उघडले होते. त्यातल्या ६ दिवशी बिघाड झाला. ते उघडले नव्हते त्या १० दिवसांत एकदाही नाही! विद्यार्थी आला पण त्याने केवळ अहवाल टंकलिखित केला, असे ५ दिवस होते. त्या पाचही दिवशी लॅपटॉप शहाण्यासारखा वागला. विद्यार्थी नव्हता, पण आम्ही शिक्षकांनी ते चित्रण उघडले, असे ३ दिवस होते. त्यांपैकी २ दिवशी तो कोसळला.

थोडक्यात, विद्यार्थी, दुपार आणि मोठे चित्रण या तीन गोष्टी बहुधा एकत्र येत होत्या, म्हणून आमची गल्लत झाली. शाळेच्या दारात कुल्फीची गाडी उभी राहिली की मुलांना घाम येतो, म्हणून घामाचे कारण कुल्फी नव्हे. दोन्हींचे कारण ऊन. दोन गोष्टी बरोबर घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही.

एका वेळी एकच बदल

वहीने दिशा दाखवली, पण निर्णय प्रयोगानेच करायचा असतो. नियम तोच, जो तुम्ही शाळेत शिकता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी साऱ्या तशाच ठेवायच्या.

पहिला संशय उन्हाचा. खानदेशात हे साहजिकच आहे. जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि बिघडलेल्या प्रत्येक वस्तूचे कारण ‘ऊन’ असते. उष्णतेने संगणक बिघडतो हे खरे, पण त्याची लक्षणे निराळी. प्रोसेसर तापला की तो स्वतःची गती कमी करतो. लॅपटॉप मंद होतो, पंखा गरगरतो. तापमान साधारण १०० अंश सेल्सिअसच्या मर्यादेकडे जाऊ लागले की स्वतःला वाचवण्यासाठी सारे यंत्रच बंद होते. एकच प्रोग्रॅम नाहीसा व्हावा आणि बाकीचे चालू राहावेत, हे त्याचे नेहमीचे लक्षण नव्हे. तरीही प्रयोग केला. सकाळी सहा वाजता, कूलरसमोर लॅपटॉप ठेवून तेच मोठे चित्रण उघडले. प्रोसेसरचे तापमान ७० अंशांच्या आतच होते. चाळीस मिनिटांत प्रोग्रॅम कोसळला. म्हणजे या बिघाडाला दुपारचे ऊन लागत नव्हते.

दुसरा संशय विजेचा. माझे घर धुळ्याला. शनिवारी एस.टी.ने एरंडोल-पारोळ्यावरून लॅपटॉप घेऊन मी घरी जाई. दोन शहरांत सुमारे ९० किलोमीटरचे अंतर आहे. धुळ्याला तो कधीही कोसळला नव्हता. त्यामुळे एका सहकाऱ्याचे म्हणणे पडले, “जळगावच्या विजेतच दोष आहे.” पण धुळ्याला मी केवळ प्रश्नपत्रिका लिहीत असे! पुढच्या शनिवारी तेच चित्रण तिथे उघडले, तेही अडॅप्टर काढून, नुसत्या बॅटरीवर. रात्री साडेनऊला लॅपटॉप कोसळला. धुळ्यात, बॅटरीवर, आणि तो विद्यार्थी नव्वद किलोमीटर दूर असताना. एकाच प्रयोगाने तीन आरोपी सुटले.

इथे एक बारकावा लक्षात घ्या. धुळ्याला लॅपटॉप कोसळला, या एका घटनेने ‘जळगावची वीज हेच कारण’ हा तर्क संपला. पण समजा तो कोसळला नसता, तर त्या एका रात्रीने तो तर्क सिद्ध झाला असता का? नाही. अधूनमधून होणाऱ्या बिघाडात ‘घडले’ ही मोठी बातमी असते. ‘घडले नाही’ ही फार छोटी बातमी असते.

तिसरा संशय त्या चित्रणाच्या प्रोग्रॅमवर. तेच चित्रण, तोच प्रोग्रॅम विभागातील दुसऱ्या संगणकावर ३ दिवस चालवला. काही झाले नाही. मोठ्या चित्रणाच्या दिवशी आमचा लॅपटॉप चारपैकी तीनदा कोसळत होता. म्हणजे वाचण्याची शक्यता एक चतुर्थांश. दुसऱ्या संगणकातही तोच दोष असता, तर सलग ३ दिवस वाचण्याची शक्यता १/४ × १/४ × १/४ = १/६४, म्हणजे दीड टक्क्याच्या आसपास. म्हणून प्रोग्रॅम निर्दोष धरला. उलट आमच्या लॅपटॉपवर तो प्रोग्रॅम न उघडता, इतर पुष्कळ प्रोग्रॅम एकाच वेळी उघडून स्मृती भरली, तेव्हा तेही कोसळू लागले.

हीच खरी खूण होती. एकच प्रोग्रॅम, एकाच पायरीवर, दर वेळी कोसळत असेल तर बहुधा दोष त्या प्रोग्रॅमच्या लिखाणात असतो. निरनिराळे प्रोग्रॅम, निरनिराळ्या वेळी कोसळत असतील, तर संशय यंत्राच्या अंगावर घ्यावा. आणि स्मृती भरली की बिघाड होतो, याचा अर्थ वसतिगृहात एखादी खोली गळकी आहे. गर्दी नसते तेव्हा ती बहुधा रिकामीच राहते. गर्दी झाली की कोणाला तरी ती मिळते.

गळकी खोली

ही उपमा तुम्हाला वाटते त्याहून खरी आहे. रॅममधील प्रत्येक बिट, म्हणजे प्रत्येक ० किंवा १, एका अतिसूक्ष्म धारित्रावर साठवलेला असतो. धारित्रावर विद्युतभार असला तर १, नसला तर ० असे समजा. त्याच्या दाराशी एक ट्रान्झिस्टर पहारा करतो. पण हा भार सतत गळत असतो. म्हणून संगणक प्रत्येक घराचा भार दर ६४ सहस्रांश सेकंदाला, म्हणजे सेकंदात सुमारे १६ वेळा, वाचून पुन्हा भरतो. तळाला भोक असलेल्या रांजणात पाणी टिकवायचे असेल, तर तो पुन्हा पुन्हा भरत राहावे लागते, तसेच हे.

आमच्या लॅपटॉपला ८ गिगाबाइट स्मृती होती. म्हणजे सुमारे ६,८७० कोटी धारित्रे! एवढ्यांपैकी एखाद्याचे भोक जरा मोठे असले, तर ६४ सहस्रांश सेकंद संपण्यापूर्वीच त्यातला १ गळून ० होतो. तापमान वाढले की गळतीही वाढते. त्यामुळे ऊन अगदीच निर्दोष नव्हते, ते दोषाला हातभार लावत असणार. पण मूळ दोष त्याचा नव्हता.

एक बिट बदलल्याने काय होते? ते कुठे बदलले त्यावर अवलंबून. चित्रातील एका ठिपक्याचा रंग बदलला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. खोलीचा क्रमांक बदलला तर प्रोग्रॅम भलत्याच दारी जातो आणि रेक्टर त्याला हाकलते. पण एखाद्या संख्येत बिट बदलले तर? द्विमान पद्धतीत ३७ ही संख्या १००१०१ अशी लिहितात, म्हणजे ३२ + ४ + १. यातला पहिला १ गळाला की उरतात ५. एखाद्याला ३७ गुण मिळाले असतील आणि यादीत ५ लागले, तर प्रोग्रॅम कोसळणारही नाही. तो मुलगा मात्र नापास होईल. हे लक्षात आले तेव्हा आम्ही त्या लॅपटॉपवरची गुणांची यादी कागदाशी पुन्हा ताडून पाहिली. ती बरोबर निघाली, तेव्हा जीव भांड्यात पडला. प्रोग्रॅम कोसळतो हे एका अर्थाने बरेच. तो ओरडून सांगतो की काहीतरी चुकले आहे. मुकी चूक त्याहून भयंकर.

असे घडल्याचे एक उदाहरण आहे. १८ मे २००३ रोजी बेल्जियममधील निवडणुकीत, ब्रुसेल्सजवळच्या स्कारबेक येथे एका उमेदवाराला शक्य होती त्याहून जास्त मते पडल्याचे दिसले. मोजदाद पुन्हा केली तेव्हा बरोबर ४,०९६ मते जास्तीची निघाली. हा आकडा ओळखलात ना? तो २ चा १२ वा घात आहे. म्हणजे एक बिट ० चे १ झाले होते. त्याचे कारण निश्चित सिद्ध झाले नाही, पण अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचा संशय घेतला गेला.

विश्वकिरण वातावरणावर आदळले की कणांचा वर्षाव होतो. या वर्षावाचा सिद्धांत डॉ. होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ साली मांडला होता. असा एखादा कण रॅमच्या घरात शिरला तर बिट पालटू शकते. १९७८-७९ मध्ये इंटेल कंपनीतील टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी दाखवून दिले की चिपच्या वेष्टनातील युरेनियम-थोरियमच्या अत्यल्प अंशातून निघणारे अल्फा कणही हेच करतात. मग आमच्या लॅपटॉपमध्ये विश्वकिरण तर नव्हते? ते ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. बाहेरून येणारा कण कुठेही पडेल. पुन्हा पुन्हा त्याच घरात पडणार नाही. गळके घर मात्र दर वेळी तेच असते.

आरोपी सापडला

स्मृती तपासण्याचे प्रोग्रॅम असतात. विंडोजमध्ये तसा एक आहेच, आणि मेमटेस्ट नावाचेही आहेत. त्यांची रीत साधी. प्रत्येक घरात ० लिहायचे, वाचून पाहायचे. मग १ लिहायचे, वाचून पाहायचे. मग एकाआड एक ०-१, मग उलट. आणि हे सारे पुन्हा पुन्हा. आम्ही ही तपासणी रात्रभर चालू ठेवली. सकाळी पडद्यावर लाल ओळी होत्या, आणि प्रत्येक फेरीत पत्ता तोच! विश्वकिरण निर्दोष सुटले.

लॅपटॉपमध्ये रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. त्यांचे संपर्कबिंदू साफ करून त्या पुन्हा बसवल्या. दोष कायम. मग एकेक पट्टी एकटी बसवून तपासली. एक निर्दोष, दुसरी सदोष. पण दोष पट्टीचा की खाचेचा? सदोष पट्टी दुसऱ्या खाचेत घातली. लाल ओळी तिच्याबरोबर गेल्या. आरोपी ठरला. नवी पट्टी आणून बसवली.

आणि मग? ‘झाला दुरुस्त’ असे या वेळी कोणी म्हटले नाही. आम्ही वही उघडली. नुसती वाट पाहायची म्हटली तर निदान नऊ दिवस थांबायला हवे होते: २/३ चा नऊ वेळा गुणाकार केला की अडीच टक्क्यांच्या आसपास येतो. पण आता बिघाड मुद्दाम घडवून आणण्याची युक्ती आमच्या हाती होती. रोज मोठे चित्रण उघडले. चार दिवस लॅपटॉप कोसळला नाही. दोष तसाच असता तर असे होण्याची शक्यता १/२५६. तेव्हाच आम्ही वही मिटली.

ही युक्ती किती मोलाची आहे पाहा. ४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचे ‘पाथफाइंडर’ यान मंगळावर उतरले. काही दिवसांतच त्याचा संगणक अधूनमधून आपणहून पुन्हा सुरू होऊ लागला. तिथे कोणता कारागीर जाणार? शास्त्रज्ञांनी पृथ्वीवर ठेवलेल्या तशाच यंत्रावर तीच कामे चालवली, प्रत्येक घटनेची नोंद ठेवली, आणि अखेर तोच बिघाड इथे घडवून आणला. दोष स्मृतीचा नव्हता, कामांच्या क्रमाचा होता. मुख्याध्यापकांना हवे असलेले रजिस्टर शिपायाजवळ असावे आणि शिपायाला मधल्याच कारकुनाने अडकवून ठेवावे, तसे काहीसे. हवामानाच्या दुय्यम कामाजवळ अडकलेल्या सामायिक साधनासाठी सर्वांत महत्त्वाचे काम खोळंबत होते. बिघाड हवा तेव्हा घडवता आला, म्हणूनच कारण सापडले, आणि दुरुस्तीची सूचना पृथ्वीवरून मंगळावर धाडता आली.

‘यदृच्छेने घडते’ याचा अर्थ ‘विनाकारण घडते’ असा नव्हे. कारण असतेच. ते कोणत्या परिस्थितीत डोके वर काढते ते आपल्याला ठाऊक नसते, एवढेच. ते ठाऊक करून घेण्याचे साधन म्हणजे एक वही, थोडा धीर आणि एका वेळी एकच बदल.

त्या विद्यार्थ्याला मी बोलावून घेतले. ज्यांच्यासमोर त्याला बोललो होतो, त्यांच्यासमोरच वहीची पाने त्याला दाखवली आणि माझी चूक कबूल केली. त्याने पाने शांतपणे वाचली आणि विचारले, “सर, सातव्या दिवशी खोलीचं तापमान लिहिलेलं नाही?” खरोखरच तो रकाना रिकामा होता! पुढे त्याने सारी निरीक्षणे नव्याने घेतली, त्याच लॅपटॉपवर. दर दहा मिनिटांनी मात्र तो काम जतन करीत असे. ती सवय तुम्हीही लावून घ्या.

करून पाहा

१. वर्गातील ३० जणांनी प्रत्येकी एक फासा ६ वेळा टाकावा. ज्यांना एकदाही ६ पडला नाही, ते किती? गणिताप्रमाणे सुमारे १० जण निघायला हवेत. आता प्रत्येकाने १८ वेळा टाकून पाहा.

२. घरातील अधूनमधून बिघडणारी एक वस्तू निवडा: ट्यूबलाइट, सायकलची साखळी, पाण्याचा पंप. तीन आठवडे वही ठेवा. न बिघडलेल्या दिवसांचीही नोंद करा.

३. एका शेतातला पंप सरासरी चार दिवसांतून एकदा बंद पडतो. कारागिराने तो दुरुस्त केला. दुरुस्ती खरी नसतानाही पंप सलग चालत राहण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी व्हावी, यासाठी किती दिवस वाट पाहावी? (उत्तर: ११ दिवस.)